‘शूट डाउन’ला मराठीत काय म्हणावे, आणि ते कोणी म्हणावे?

पानगळ

नमस्कार. मागच्या आठवड्यात माझ्या हातून कामाच्या पत्रव्यवहारात एक घोटाळा झाला. त्यातून पडलेले दोन प्रश्न येथे मांडते आहे.

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते आणि आमचे ग्राहक लंडनचे आहेत. त्यांच्याकडील एका गृहस्थांनी मासिक अहवालाची मांडणी बदलण्याची सूचना केली होती. आम्ही ती दोन दिवस प्रत्यक्ष करून पाहिली, पण आकडे जुळेनात, म्हणून ती न स्वीकारण्याचे ठरले आणि तसे कळवण्याचे काम माझ्याकडे आले. ‘रिजेक्टेड’ हा शब्द मला फार सरकारी वाटला. जरा मोकळेपणा यावा म्हणून मी लिहिले, ‘अवर टीम हॅज शॉट डाउन युअर सजेशन फॉर द फॉलोइंग रीझन्स’, आणि खाली चार कारणे क्रमाने दिली. त्यांचे उत्तर एका ओळीत आले : ‘वेल, दॅट्स मी टोल्ड.’ कळवल्याबद्दल ते आभार मानत असावेत, असे समजून मी ‘यू आर वेलकम’ असे लिहून मोकळी झाले. अर्ध्या तासाने आमच्या व्यवस्थापकांचा फोन आला.

पहिला प्रश्न असा की शब्दकोशात ‘फेटाळणे, नाकारणे’ हाच अर्थ दिलेला असताना माझे चुकले कुठे? आणि दुसरा असा की ‘माय आयडिया गॉट शॉट डाउन’ हे वाक्य आमच्या कार्यालयात दिवसातून दोनदा तरी कानावर पडते, ते मराठीत कसे म्हणायचे? ‘माझी कल्पना फेटाळण्यात आली’ असे म्हटले की मंत्रालयातून बाहेर पडल्यासारखे वाटते.

खारीचा_वाटा

सूचना लंडनहून विमानाने आली असेल, तर पाडावीच लागली असणार.

निवृत्त_मास्तर

पानगळताई, शब्दकोशाने तुम्हाला शब्दाचा अर्थ सांगितला, पण तो शब्द कोणाच्या तोंडी शोभतो ते सांगितले नाही. ‘शूट डाउन’ हा अनौपचारिक प्रयोग आहे, आणि त्यात बंदुकीची गोळी आहे हे इंग्रजी कान विसरत नाही. कल्पना अजून हवेत आहे, कोणी तिला नीट पाहिलेलेही नाही, तेवढ्यात एका फटक्यात ती खाली आणली, असा त्याचा भाव असतो. तुम्ही तर त्या सूचनेवर दोन दिवस खर्च केले होते, आणि नेमका हा शब्द वापरून ते दोन दिवस तुम्हीच पुसून टाकलेत. खालची चार कारणे त्या गृहस्थांनी वाचलीही नसतील.

दुसरे असे की हे क्रियापद बहुतेक वेळा ज्याची कल्पना पडली तो वापरतो, किंवा बाजूला बसून गंमत पाहणारा तिसरा माणूस. पाडणाराही वापरू शकतो, पण बरोबरीच्या माणसांत, चहा पिताना : ‘काल त्याची आणखी एक योजना मला शूट डाउन करावी लागली.’ ज्याची सूचना नाकारली त्यालाच पत्रात तसे कळवणे म्हणजे पडलेल्या माणसाला तो कसा पडला हे वर्णन करून सांगणे झाले. आमंत्रण, नोकरीचा देकार किंवा अर्ज नाकारायचा असेल तर ‘टर्न डाउन’ चालते, कारण त्यात नुसते वळवणे आहे. एखादी शक्यताच बाद करायची असेल तर ‘रूल आउट’. तुमच्या पत्रात यांपैकी कशाचीच गरज नव्हती. ‘वी हॅव डिसायडेड नॉट टू गो अहेड विथ धिस’ एवढे साधे वाक्य पुरले असते.

व्याकरणाची एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तीस वर्षे सांगलीच्या एका शाळेत मी तीच चूक तपासत आलो. नाम या क्रियापदाच्या मधेही बसते आणि पुढेही बसते, म्हणजे ‘शॉट द आयडिया डाउन’ चालते आणि ‘शॉट डाउन द आयडिया’ही चालते, पण सर्वनाम आले की ते मधेच बसले पाहिजे. ‘शॉट इट डाउन’ बरोबर, ‘शॉट डाउन इट’ चूक. कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ढकलावे, नाहीतर ‘डाउन’ येईपर्यंत वाचणारा ‘शॉट’ विसरून जातो. आणि सर्वनाम मधे असताना बोलण्यातला जोर ‘डाउन’वर पडतो. आमची मुले तो ‘शॉट’वर देत, त्यामुळे ऐकणाऱ्याला खरोखरच गोळीबार झाल्यासारखे वाटे.

लीड्सकर

पानगळ, ‘दॅट्स मी टोल्ड’ याचा अर्थ ‘झाली आमची कानउघाडणी’ असा होतो. त्यावर ‘यू आर वेलकम’ हे उत्तर वाचून त्या गृहस्थांच्या हातातला चहाचा कप बराच वेळ अधांतरी राहिला असणार. मी अकरा वर्षे येथे आहे. वाईट वाटून घेऊ नका, कारण ही गोष्ट ते पुढची दोन वर्षे लोकांना हसत हसत सांगतील.

येथले लोक एकमेकांच्या कल्पना रोज पाडतात, पण पाडताना आवाज होऊ देत नाहीत. ‘दॅट्स सर्टन्ली अ थॉट’ असे कोणी म्हणाले की समजावे, कल्पना गेली. ‘लेट्स कम बॅक टू दॅट’ म्हणाले की समजावे, कोणी परत येणार नाही. सुरुवातीला मला हे कळत नसे. माझ्या एका योजनेवर साहेब ‘इंटरेस्टिंग’ म्हणाले, आणि मी ती पूर्ण करायला आठवडाभर रात्री जागलो.

मित्रांत मात्र भाषा अगदी उघडी असते. येथे ‘बिन ऑफ’ असा एक प्रयोग फार चालतो. बिन म्हणजे केराची टोपली. ठरलेली योजना सोडून द्यायची असेल तर ‘लेट्स बिन इट ऑफ’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा परदेशात अचानक गाववाला भेटल्यासारखे झाले, कारण आपण शिफारशींना केराची टोपली दाखवतो ती हीच.

जिरेमिरे

टोपली तीच असली, तरी दाखवण्याची रीत वेगळी आहे, लीड्सकर. आपल्याकडे केराची टोपली बहुतेक वेळा सरकार दाखवते, आणि तीही समितीच्या अहवालाला किंवा शिफारशीला. मित्राने रविवारी सिंहगडावर जायची कल्पना काढली आणि मी नाही म्हणाले, तर ‘तिने माझ्या कल्पनेला केराची टोपली दाखवली’ असे तो फक्त नाटकीपणे म्हणेल. अहवाल टोपलीतही न टाकता नुसता ठेवून दिला, तर तो बासनात गुंडाळला जातो. दोन्हींत कागद लागतो. बोललेल्या कल्पनेला कागद नसतो, म्हणून पानगळच्या वाक्यासाठी हे दोन्ही शब्द मला बाद वाटतात.

कोर्टकचेरी

मास्तरांच्या यादीत आमच्या व्यवसायातील भर घालतो, कारण नाकारणे हाच आमचा दैनंदिन विषय आहे आणि बातम्यांत या शब्दांची रोज खिचडी होते.

याचिका ‘फेटाळली’ याचा अर्थ ती मान्य झाली नाही. याचिका ‘निकाली काढली’ याचा अर्थ एवढाच की त्या प्रकरणाचे काम संपले. ते तुमच्या बाजूने संपले असेल, विरुद्ध संपले असेल, किंवा काही निर्देश देऊन मधल्या मार्गाने संपले असेल. ‘निकाली काढली’ हे वाचून पक्षकार रडत येतात आणि त्यांना पेढे वाटायला सांगावे लागते, असे माझ्या कार्यालयात दोनदा घडले आहे.

कायदा किंवा त्यातले कलम न्यायालयाने रद्दबातल ठरवले, तर इंग्रजीत ‘स्ट्राइक डाउन’ म्हणतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये असे रद्द केले, आणि मराठा आरक्षणाचा राज्याचा कायदा ५ मे २०२१ रोजी. पण याच ‘डाउन’चा एक सौम्य भाऊ आहे, ‘रीड डाउन’. त्यात कलम पाडत नाहीत, त्याचा अर्थ आखडून घेतात. सप्टेंबर २०१८ मध्ये कलम ३७७ बाबत हेच झाले : सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे खासगी वर्तन त्यातून बाहेर काढले गेले आणि उरलेले कलम जागेवर राहिले. ‘कलम ३७७ रद्द’ असे मथळे त्या दिवशी अनेकांनी वाचले असतील. ते अपुरे होते.

‘शूट डाउन’ हा शब्द मी न्यायालयात कधीही ऐकलेला नाही. न्यायमूर्ती आमचा युक्तिवाद मोडून काढतात, पण बंदूक वापरत नाहीत.

ठळक_अक्षर

वकीलसाहेब, न्यायालयात ऐकलेला नसेल, पण न्यायालयाच्या बातमीत तो सर्रास असतो. ‘एचसी शूट्स डाउन प्ली’ अशा धाटणीचे मथळे आपली इंग्रजी वृत्तपत्रे नेहमी देतात. वृत्तपत्रांना चालतो, तो शब्द पत्रात का चालू नये? मला वाटते, मास्तर जुन्या काळच्या औपचारिकतेचा आग्रह धरत आहेत. भारतीय इंग्रजी ही आता स्वतंत्र भाषा आहे, आणि तिच्यात ‘शूट डाउन’ बोथट होऊन ‘फेटाळणे’ एवढाच उरला आहे.

निवृत्त_मास्तर

ठळक_अक्षर, मथळा लिहिणाऱ्याला रकान्याची रुंदी सांभाळायची असते. त्याला छोटे आणि चटकदार शब्द लागतात. मराठीतही ‘आयुक्तांना दणका’ असा मथळा आपण रोज वाचतो, म्हणून आयुक्तांना पत्र लिहिताना ‘आपणांस या पत्राद्वारे दणका देण्यात येत आहे’ असे आपण लिहीत नाही.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मी असा उडवून लावणार नाही. भारतात भारतीयांना लिहिताना त्याची धार कमी लागते हे खरे आहे. पण पत्र लंडनला गेले होते.

ठळक_अक्षर

दणका मान्य.

करवंद

मला आश्चर्य वाटते की इतक्या प्रतिसादांत अजून कोणीही ‘हाणून पाडणे’ सुचवलेले नाही. शब्दशः तेच आहे! हाणले आणि खाली पाडले. इंग्रजीत गोळीने, आपल्याकडे बहुधा दगडाने, आंबा पाडावा तसे. पानगळताई, ‘माझी कल्पना बैठकीत हाणून पाडली’ असे खुशाल म्हणा.

जिरेमिरे

करवंद, शब्दशः तेच आहे आणि म्हणूनच ते फसवे आहे. आपण काय काय हाणून पाडतो ते आठवून पाहा : डाव, कट, बेत, कारस्थान, फार तर एखादा प्रयत्न. हाणून पाडण्याजोगी गोष्ट मुळात कोणीतरी कोणाविरुद्ध रचलेली असते, आणि ती पाडणाऱ्याची छाती फुगलेली असते. पानगळने ‘माझी कल्पना हाणून पाडली’ असे म्हटले, तर ऐकणारा विचारेल की तू नेमके काय कारस्थान करत होतीस.

करवंद

अहवालाची मांडणी बदलणे हे कारस्थानच असते, हे आमच्या हिशेब विभागात येऊन विचारा. पण मुद्दा पटला.

व्याकरणवेडा

हाणून पाडण्याची चर्चा वाचून मला एक निरीक्षण मांडावेसे वाटते, आणि ते थोडे लांबेल.

इंग्रजीतील या जोडक्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये छापील स्वरूपात रूढ केले, आणि ते त्यांना ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. म्हणजे क्रियापदे शेकडो वर्षे जुनी, पण त्यांचे नाव मागच्याच शतकातले. तिथे मूळ क्रियापदाला ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’ असा छोटा शब्द चिकटतो आणि अर्थ पालटतो. आपण समजतो की असले काही मराठीत नाही, म्हणून ते शिकायला जड जाते. पण आपल्याकडेही हे काम होते, फक्त ते दुसरे क्रियापद करते.

ही माळ मोठ्याने म्हणून पाहा : हाकलून लावणे, पिटाळून लावणे, हुसकावून लावणे, परतवून लावणे, धुडकावून लावणे, उडवून लावणे, फेटाळून लावणे. पहिल्या चारांत माणसे, जनावरे किंवा शत्रूचे सैन्य दारातून मागे जाते. शेवटच्या तिघांत तोच ‘लावणे’ सूचनेला, मागणीला किंवा आरोपाला दारातून मागे पाठवतो. इंग्रजीत कल्पना वरून खाली येते, आणि मराठीत ती आली त्या वाटेने परत जाते. ‘फेटाळणे’ आणि ‘फेटाळून लावणे’ यांतला फरक ऐकला की ‘लावणे’ किती काम करते ते कळते. नुसते फेटाळणे कारकूनही करू शकतो. फेटाळून लावायला थोडा आवाज चढवावा लागतो.

‘काढणे’ची माळ वेगळी आहे : मुद्दा खोडून काढणे, युक्तिवाद मोडून काढणे, एखाद्याला मोडीत काढणे. येथे वस्तू परत जात नाही, ती यादीतून बाहेर पडते, आणि खोडून काढण्यासाठी तुमच्याकडे प्रतिमुद्दा असावा लागतो. उडवून लावण्यासाठी प्रतिमुद्दा लागत नाही, हात झटकला तरी पुरतो. म्हणूनच ज्याच्याकडे उत्तर नसते तो उडवाउडवीची उत्तरे देतो. ‘ब्रश ऑफ’ला मराठीत याहून जवळचे मला तरी काही सापडत नाही. ‘लाफ ऑफ’ला तर आपल्याकडे तयार ‘हसण्यावारी नेणे’ आहे, आणि ते मूळ इंग्रजीहून देखणे आहे.

मास्तरांच्या सर्वनामाच्या नियमावरून आठवले. आपण ‘शॉट डाउन इट’ का म्हणतो, तर आपल्या जोडीत मधे कर्म शिरत नाही. पण अगदीच काही शिरत नाही असे नव्हे. ‘उडवूनच लावली’, ‘उडवून तर लावलीच’ यांत ‘च’ आणि ‘तर’ खुशाल मधे येऊन बसतात.

टोरांटोची_टवाळखोर

या क्रियापदाचा एक उपयोग येथे कोणी सांगितलेला नाही, कारण सगळे सभ्य लोक जमले आहेत. कर्म कल्पना नसून माणूसच असेल, तर ‘आय गॉट शॉट डाउन’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी तिला विचारले आणि ती नाही म्हणाली’ असा होतो. माझ्या सोबतच्या एका मराठी मुलाने हे वाक्य आईला फोनवर जसेच्या तसे इंग्रजीत सांगितले होते. त्या माउलीने कॅनडात गोळीबार झाला असे समजून रात्री दोन वाजता आम्हा सगळ्यांना उठवले.

मराठीत त्याला काय म्हणायचे ते मात्र सांगा. ‘नकार मिळाला’ हे स्थळ पाहण्याच्या कार्यक्रमातले वाटते.

लीड्सकर

माणसाला ‘झिडकारले’ म्हणतात, पण त्यात तुच्छता फार आहे. ‘तोंडाला पाने पुसली’ चालेल का?

जिरेमिरे

लीड्सकर, चालणार नाही. पाने पुसण्यात फसवणूक आहे : आधी आशा दाखवायची आणि मग हाती काहीच द्यायचे नाही. सरळ नाही म्हणणाऱ्या मुलीवर हा आरोप करू नका. मागायला आलेल्याला नुसते नाही म्हणून परत पाठवले, तर त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या असे म्हणतात. त्या मुलाला तेच शोभेल, आणि अक्षतांचा उल्लेख असल्यामुळे आईलाही क्षणभर बरे वाटेल.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितो आहे. एखाद्या कल्पनेला मुद्दाम विरोध करून तिची परीक्षा घेणे आणि ती शूट डाउन करणे यांची कार्यालयांत फार गल्लत होते, म्हणून हा थोडा आडवाटेचा प्रतिसाद. ‘डेव्हिल्स ॲडव्होकेट’ हे मुळात कॅथलिक चर्चमधले खरेखुरे पद होते. कोणाला संतपद द्यायचे असेल तर त्याच्या विरुद्ध जे जे सांगता येईल ते सांगणे, ही त्या अधिकाऱ्याची नेमून दिलेली जबाबदारी असे. पोप सिक्स्टस पाचवे यांनी १५८७ मध्ये हे पद औपचारिकपणे स्थापन केले, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ मध्ये प्रक्रिया बदलल्यावर त्याचे जुने स्वरूप उरले नाही. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष आहेत त्या फ्रान्सिस झेवियर यांना संतपद मिळाले ते १६२२ मध्ये, म्हणजे हे पद अस्तित्वात आल्यावर.

त्या अधिकाऱ्याला आधी सगळी कागदपत्रे वाचावी लागत. आमच्या बैठकींत ‘आय ॲम जस्ट प्लेइंग डेव्हिल्स ॲडव्होकेट’ असे म्हणणारे बहुतेक जण पहिले पानही न वाचता आलेले असतात. त्यांना इंग्रजीत ‘पोक होल्स’ म्हणजे छिद्रे पाडून दाखवणेही म्हणता येत नाही, कारण छिद्र पाडायलासुद्धा वस्तू जवळून पाहावी लागते.

चहा_बिस्किट

मांडवीकाठ, आमच्या कार्यालयात यावर उपाय म्हणून बैठकीच्या खोलीत पाटी लावली आहे : ‘नो आयडिया विल बी शॉट डाउन इन धिस रूम.’ ब्रेनस्टॉर्मिंगचा मूळ नियमही हाच आहे. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातले ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा कल्पना सुचत असताना टीका करायची नाही आणि ती नंतरसाठी राखून ठेवायची, ही त्यांची पहिली अट होती.

पाटी लागल्यापासून एकही कल्पना पाडली गेलेली नाही. आता सगळ्या कल्पना फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘पार्किंग लॉट’ असे लिहून आखलेल्या चौकोनात जातात. साफसफाई करणाऱ्या मावशी रोज संध्याकाळी फळा पुसतात. माझी एक कल्पना त्या चौकोनात तीन वेळा लिहिली गेली आणि तीन वेळा पुसली गेली. खरे सांगायचे तर कोणीतरी ती धडधडीत पाडली असती, तर मी दुसऱ्या कामाला लागलो असतो.

मिग_नव्हे_मी

मी हवाई दलात जमिनीवरच्या कामावर होतो, विमान कधी चालवले नाही, आणि म्हणून अधिकारवाणीने बोलतो.

व्याकरणवेडा म्हणतात की इंग्रजीत कल्पना खाली येते. पण ती खाली यायला आधी वर गेलेली असावी लागते, आणि इंग्रजीत ती खरोखरच वर जाते. लोकांचे मत अजमावण्यासाठी कल्पना पुढे करण्याला ब्रिटिश लोक ‘फ्लाय अ काइट’ म्हणतात, म्हणजे पतंग उडवून पाहतात. अमेरिकेतले राजकारणी ‘ट्रायल बलून’ सोडतात. वर पतंग आणि फुगे असले की खाली बंदूकवाला आलाच. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेने साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्याजवळ चीनचा फुगा खरोखरच क्षेपणास्त्राने पाडला, तेव्हा मला पहिल्यांदा दोन्ही वाक्प्रचार एकाच बातमीत सापडले.

मराठीत आपण काय करतो? आपण खडा टाकून पाहतो. खडा पाण्यात जातो, तरंग उठतात, ते पाहून आपण पुढचे ठरवतो. जो खडा आधीच पाण्यात आहे, त्याला पाडणार कसा? ‘कल्पनेची भरारी’ आपल्याकडे आहे, पण ती कवींसाठी राखीव. कार्यालयीन कल्पना मराठीत उडत नाही, ती मांडली जाते. मांडलेली वस्तू लोक उचलून ठेवतात, झटकतात, किंवा उडवून लावतात. म्हणून मला ‘उडवून लावली’ हेच बरोबर वाटते. मांडलेला कागद वाऱ्याने उडावा, तसे ते आहे.

खारीचा_वाटा

पतंग तर आपणही उडवतो. म्हणून ‘माझी कल्पना काटली’ असा नवा प्रयोग मी येथे मांडतो. तो कोणी उडवून लावू नये.

व्याकरणवेडा

खारीचा_वाटा, मांडला आणि उडाला.

मिग_नव्हे_मी यांचे निरीक्षण आवडले. इंग्रजीत तुच्छतेने उडवून लावण्यासाठी ‘पूह-पूह’ असाही एक शब्द आहे. ते आपल्या ‘छ्या!’ किंवा ‘हॅट्!’चे क्रियापद झाले असे समजा. एकोणिसाव्या शतकात भाषेच्या उगमाविषयी जे सिद्धान्त होते, त्यांतल्या एकाला, म्हणजे भाषा उद्गारांतून जन्मली असे सांगणाऱ्या मताला, मॅक्स म्यूलर यांनी १८६१ च्या व्याख्यानांत ‘पूह-पूह’ हे नाव दिले, आणि प्राण्यांच्या आवाजाच्या अनुकरणातून भाषा आली या मताला ‘बाउ-वाउ’. नाव वाचूनच हसू येते. सिद्धान्त खोडून काढण्याआधीच त्याचे बारसे असे केले, की अर्धे काम तिथेच झाले.

गोंधळी

सर्वांची क्षमा मागून एक बाळबोध शंका विचारतो. ‘शट डाउन’ आणि ‘शूट डाउन’ यांत मी बोलताना नेहमी गडबडतो. सर्व्हर बंद केला हे सांगताना एकदा ‘वी शूट डाउन द सर्व्हर एव्हरी संडे’ असे मी परदेशी पाहुण्यांसमोर बोलून गेलो आहे.

निवृत्त_मास्तर

गोंधळी, शंका बाळबोध नाही, कारण ‘शट डाउन’ही कल्पनेच्या आणि माणसाच्या बाबतीत वापरतात. कल्पना ‘शूट डाउन’ झाली तर ती एक कल्पना गेली, तुम्ही दुसरी मांडू शकता. माणसाला ‘शट डाउन’ केले तर त्याचे तोंडच बंद केले. मराठीत पहिले उडवून लावणे आणि दुसरे गप्प बसवणे. सर्व्हरबाबत मात्र रविवारी तरी गोळी घालू नका.

पानगळ

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते, सर्वांचे मनापासून आभार.

मास्तर, तुमचे वाचून मी जुने पत्र पुन्हा उघडून पाहिले. माझी खरी चूक अशी की हे वाक्य मी आजवर फक्त आपली कल्पना पडलेल्या लोकांकडून ऐकले होते, बैठकीतून बाहेर येऊन कॉफीच्या यंत्रापाशी उभे राहून ते म्हणायचे. तिथून उचलून मी ते नाकारणाऱ्याच्या खुर्चीत बसून वापरले.

मराठीच्या प्रश्नावर मी काल एक प्रयोग केला. आमच्या गटात सात मराठी माणसे आहेत, त्यांना मी विचारले नाही, नुसते दिवसभर ऐकत राहिले. चौघांनी ‘शूट डाउन केली’ असेच म्हटले. एक जण म्हणाला, ‘साहेबांनी जागच्या जागी निकालात काढली.’ आणि आमच्या गटात नव्याने आलेली साताऱ्याची एक मुलगी बैठकीतून बाहेर येऊन म्हणाली, ‘लावली उडवून.’ कोणी, ते तिने सांगितलेच नाही, आणि कोणी विचारलेही नाही. ‘गॉट शॉट डाउन’मध्ये पाडणारा जसा लपतो, तसाच तो तिच्या वाक्यातही लपला होता. ‘उडवली गेली’ असे कर्मणीचे अवडंबर तिला लागलेच नाही.

व्याकरणवेडा

पानगळ, तिने तर ‘लावली’ पुढे घेतली आणि ‘उडवून’ मागे टाकले! मी दोन दिवसांपूर्वी येथे लिहिले की आपल्या जोडीत फार तर ‘च’ शिरतो, आणि ती मुलगी जोडीच उलटी करून गेली. माझे विधान मी मागे घेतो. कोणी उडवून लावण्याआधी.

लीड्सकर

सगळे झाले, पण त्या लंडनच्या गृहस्थांचे पुढे काय झाले?

पानगळ

मी त्यांना सोमवारी पत्र लिहिले. आम्ही दोन दिवस त्यांची मांडणी कशी करून पाहिली ते आधी सांगितले, आकडे कुठे जुळत नाहीत त्याचा तक्ता जोडला, आणि शेवटी मास्तरांचे वाक्य जसेच्या तसे वापरले. तक्ता पाहून त्यांनी स्वतःच सूचनेत एक दुरुस्ती केली आहे, आणि ती बहुधा चालेल. खाली त्यांनी लिहिले होते, ‘हॅपी फॉर यू टू शूट धिस वन डाउन ॲज वेल.’ या वेळी मी ‘यू आर वेलकम’ लिहिले नाही.